१२०० खुर्च्यांच्या सभागृहासाठी वाय-फाय: चार ताकदवान एपी की अठरा साधे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेचं १२०० खुर्च्यांचं सभागृह, मागे जेवणाचा हॉल आणि पटांगण. संमेलनं, स्पर्धा, लग्नं, वर्षभर काही ना काही चालू. सभागृह रिकामं असताना वाय-फाय सुसाट चालतं, माणसं भरली की फोनवर पूर्ण रेंज दिसते पण एक पान उघडत नाही. एक पुरवठादार ४ हाय पॉवर ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वाय-फाय पसरवणारे डबे) सुचवतोय, दुसरा १८ साधे. दुसऱ्याचं कोटेशन दुपटीहून जास्त आहे. कोणाचं ऐकावं?

दुसऱ्याचं. फक्त ते १८ कुठे बसणार, कोणत्या चॅनेलवर (हवेतल्या कोणत्या वाटेवर) आणि किती ताकदीवर चालणार हे त्याने कागदावर दिलं नसेल, तर त्यालाही अजून होकार देऊ नका. मी गेली बरीच वर्षं सभागृहं, महाविद्यालयं आणि मंगल कार्यालयांत हेच काम करतो. गर्दीच्या जागी डबा कोणत्या कंपनीचा यापेक्षा त्या डब्याला किती हवा वाट्याला येते, यावर सगळं ठरतं.

पाटाच्या पाण्याची पाळी तुम्ही पाहिली असेल. पाट एक, शेतकरी चाळीस. ज्याची पाळी असेल त्याने पाणी घ्यायचं, बाकीच्यांनी थांबायचं. वाय-फायचं अगदी तसंच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, मग तो एपी असो की फोन. प्रत्येक फोन आधी कान देतो, कोणी बोलत नाही अशी खात्री झाली की बोलतो. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा पाळी लावावी लागते. दहा फोन असतील तर हे कोणाला कळतही नाही. एकाच चॅनेलवर तीनशे फोन आले की बराचसा वेळ थांबण्यात आणि परत परत बोलण्यात जातो. तुमच्या फोनवरच्या रेषा एपीचा आवाज किती मोठा येतोय एवढंच दाखवतात, पाळी कधी येणार ते नाही. म्हणून रेंज पूर्ण आणि काम शून्य.

२०१० साली आयफोन ४ दाखवताना खुद्द स्टीव्ह जॉब्झना हेच भोगावं लागलं. मंचावर पानच उघडेना. शेवटी सभागृहात ५७० वाय-फाय बेस स्टेशन चालू आहेत असं सांगून त्यांनी प्रेक्षकांना ती बंद करण्याची विनंती केली. उपकरणं भरपूर होती, हवा उरली नव्हती.

आता ते ४ हाय पॉवर एपी. ताकद वाढवली की एपीचा आवाज लांब जातो, पण फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोन फार तर शंभरेक मिलिवॉटवर बोलतो, एपी एक वॉटपर्यंत ओरडू शकतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला एपी छान ऐकू येतो म्हणून तो त्याला चिकटतो, आणि त्याचं उत्तर मात्र एपीपर्यंत धड पोचत नाही. मग दोघे हळू वेगाने बोलायला लागतात. हळू बोलणारा तेवढ्याच मजकुराला दहापट वेळ पाट अडवून धरतो, आणि त्याच्यामागे जवळचे, वेगवान फोनही खोळंबतात. यावर चांगल्या एपीत एअरटाइम फेअरनेस नावाची सोय असते: पाळी वाफे मोजून न देता तासावर द्यायची. ती चालू करून घ्याच. पण चार एपींवर सातशे फोन लादले तर तीही पुरणार नाही.

याचा धडा मला महागात मिळाला आहे. २०१७ साली एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहात मी ६ एपी उंच छताला लावले, सगळे पूर्ण ताकदीवर, रुंद चॅनेलवर. आदल्या संध्याकाळी रिकाम्या सभागृहात वेग इतका छान आला की संस्थेचे लोक खूश झाले. दुसऱ्या दिवशी गावोगावहून आलेली मुलं ऑनलाइन नोंदणीसाठी रांगेत उभी राहिली आणि साडेदहाला सगळं थिजलं. चॅनेल किती भरलंय हे दाखवणारा आकडा नव्वदीच्या पुढे होता. पाच वाजल्यापासून एसटीने प्रवास करून आलेली ती मुलं फोन वर धरून खिडकीपाशी जात होती, ते दृश्य मी विसरलेलो नाही. त्या दिवशी नोंदणी कागदावर झाली. रात्री मी ताकद उतरवली, चॅनेल अरुंद केले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सहा एपींवर निदान निम्म्या मुलांचं काम झालं.

रिकाम्या सभागृहातली चाचणी फसवी असते याला आणखी एक कारण आहे. माणसाच्या शरीरात बहुतांश पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. बाराशे माणसं म्हणजे सभागृहात बाराशे पाणी भरलेले रांजण ठेवल्यासारखं आहे. काही ठिकाणी याच गोष्टीचा मुद्दाम उपयोग करून घेतात. कॅलिफोर्नियातलं लिव्हाइज स्टेडियम २०१४ साली सुरू झालं तेव्हा तिथे सुमारे १२०० एपी होते, त्यांतले पुष्कळसे खुर्च्यांच्या खाली. वर बसलेली माणसंच भिंतीचं काम करतात. एका एपीचा आवाज दोन-चार रांगांपलीकडे जात नाही, त्यामुळे तेच चॅनेल थोड्या अंतरावर परत वापरता येतं. एवढ्या मोठ्या जागेत ते परवडतं. तुमच्या सभागृहात खुर्च्यांखाली केबल नेण्यासाठी फरशी फोडावी लागेल, ते मी सुचवणार नाही. पण मागचा विचार तोच ठेवा: प्रत्येक एपीने थोड्या लोकांशी, जवळून आणि हळू आवाजात बोलायचं.

तुमचा हिशोब मी असा मांडतो. १२०० पैकी साधारण ६० टक्के लोक वाय-फायला जोडले जातील असं धरा, म्हणजे ७२० फोन. एपीत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांसाठी दोन रेडिओ असतात. एका ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर ६० फोन सुखाने राहतात. म्हणजे सभागृहात १२ एपी. एका मोकळ्या खोलीत हे बाराही एकमेकांना ऐकू जाणार, म्हणून प्रत्येकाला वेगळं चॅनेल हवं. इथे बहुतेकांची गाडी अडते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीनच: १, ६ आणि ११. त्यामुळे बारापैकी तीन एपींवरच २.४ चालू ठेवा, बाकी नऊंवर बंद. जुन्या फोनांची तेवढ्यात सोय होते. पुरवठादार म्हणेल की दोन्ही रेडिओचे पैसे दिलेत मग बंद का करता. तरी करा.

५ गिगाहर्ट्झमध्ये २०१८ साली आपल्याकडे ऐसपैस जागा विनापरवाना खुली झाली. २० मेगाहर्ट्झ रुंदीची चॅनेल धरली तर वीसच्या वर मिळतात. त्यांतली नऊ निर्धास्त आहेत: ३६ ते ४८ मधली चार आणि १४९ ते १६५ मधली पाच. उरलेल्या चॅनेलवर रडारचा मान पहिला. रडारची चाहूल लागली की एपीला तिथून उठावं लागतं. विमानतळ किंवा हवामानाचं रडार जवळ नसेल तर तीही वापरा, पण मंचाजवळच्या आणि नोंदणीच्या जागेच्या एपीला निर्धास्त नऊंपैकीच द्या. चॅनेल ४० किंवा ८० मेगाहर्ट्झ रुंद केलं की एका फोनचा वेग वाढलेला दिसतो आणि चॅनेलची संख्या निम्मी किंवा पाव होते. घरी ते ठीक. सभागृहात २०च.

म्हणजे १८ हा आकडा बरोबर आहे: १२ सभागृहात, ३ जेवणाच्या हॉलमध्ये, १ प्रवेशदालनात नोंदणीसाठी, २ पटांगणासाठी. पुरवठादाराने अठराही सभागृहाच्या छताला दाखवले असतील तर आराखडा परत करायला लावा. छत आठ मीटरपेक्षा उंच असेल तर साधे चौफेर पसरणारे एपी वर टांगू नका. बाजूच्या भिंतींवर तीन-साडेतीन मीटरवर लावा, किंवा दिशा देणारा अँटेना असलेले घेऊन खाली तोंड करून बसवा. छत पत्र्याचं असेल तर लहरी त्यावरून उसळून सगळीकडे पसरतात, तिथे दिशा देणारे अँटेनाच बरे. पटांगणासाठी बाहेर बसवायचे वेगळे, पाऊस-धूळ सोसणारे एपी लागतात. आतला एपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खांबाला लावलेला मी पाहिलाय, दोन पावसाळेही टिकला नाही.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात, म्हणून जरा थांबतो. प्रत्येक एपी आपलं नाव (फोनच्या यादीत दिसतं ते वाय-फायचं नाव) दर सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारतो, तेही सगळ्यात हळू वेगाने, म्हणजे जुन्या फोनलाही ऐकू जावं. २.४ वर तो वेग १ एमबीपीएस असतो. एक पुकारा अडीच मिलिसेकंदाच्या आसपास हवा खातो. आता समजा तुम्ही बाराही एपींवर २.४ चालू ठेवलं आणि पाहुणे, कर्मचारी, विश्वस्त, कार्यालय, कॅमेरे अशी ५ नावं ठेवली. तीन चॅनेलवर बारा एपी म्हणजे एकेका चॅनेलवर चार, गुणिले पाच नावं, म्हणजे वीस पुकारे. शंभर मिलिसेकंदांतली पन्नास नुसत्या नावं पुकारण्यात गेली! कोणी एक अक्षरही पाठवलेलं नाही आणि निम्मा पाट कोरडा. म्हणून नावं दोनच ठेवा, फार तर तीन, आणि सर्वांत कमी वेग १२ एमबीपीएस करा. याला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात एवढ्याने जितका फरक पडतो तितका महागडा एपी घेऊनही पडत नाही.

वाय-फाय ६ घ्या. त्यात २० मेगाहर्ट्झचं चॅनेल तुकडे करून एकाच वेळी ९ जणांपर्यंत वाटता येतं, म्हणजे पाटाला बारीक सऱ्या पाडल्यासारखं. छोटे संदेश, यूपीआय यांना याचा खरा फायदा होतो. वाय-फाय ७ची मोठी चमक ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलची आहे, आणि ती ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळते. तुम्ही तर २०वर चालणार. ते पैसे केबलवर आणि स्विचवर घाला. प्रत्येक एपीला स्वतंत्र कॅट ६ केबल, शंभर मीटरच्या आत, आणि त्याच केबलमधून ३० वॉट वीज देऊ शकणारा पीओई स्विच. एक एपी दुसऱ्याकडून बिनतारी घेऊन पुढे देतो ती मेश पद्धत गर्दीत नको. तीच गोष्ट हवेत दोनदा बोलावी लागते. थेट प्रक्षेपण, मंचावरचा लॅपटॉप, प्रोजेक्टर यांना सरळ तार द्या. तारेवर गेलेलं प्रत्येक काम हवेतली जागा मोकळी करतं.

माझ्या त्या २०१७च्या कामात दुसरीही चूक होती आणि ती हवेतली नव्हतीच. राउटरमध्ये पत्ते (जोडणाऱ्या प्रत्येक फोनला एक लागतो तो आयपी क्रमांक) फक्त २५४ होते आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास अडून राहायचा. अकरा वाजता पत्ते संपले. नवीन येणारा फोन जोडला जाईना. तुमच्याकडे सकाळी संमेलन आणि संध्याकाळी लग्न असेल तर हे नक्की होणार. शिवाय आताचे फोन आपली ओळख बदलत राहतात, त्यामुळे पत्ते आणखी लवकर संपतात. किमान २००० पत्त्यांची सोय आणि तासाभराची मुदत सांगा. घरगुती राउटर हा भार पेलणार नाही, छोटा का होईना फायरवॉल (इंटरनेटच्या ये-जावर पहारा ठेवणारं यंत्र) लागतो.

इंटरनेटची जोडणी किती? ७२० पैकी एका क्षणी सव्वाशे-दीडशे लोक खरोखर काही उघडत असतात. प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर ३०० एमबीपीएस. लीज्ड लाइन (फक्त तुमच्यासाठी राखलेली जोडणी) परवडत नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड घ्या, आणि माणशी ३-४ एमबीपीएसची मर्यादा घाला. पाहुण्यांना ओटीपीनेच आत घ्या. सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवून नोंद ठेवावी अशा दूरसंचार विभागाच्या २००९ पासूनच्या सूचना आहेत. उद्या कोणी गैरवापर केला तर पोलीस संस्थेच्या दारात येतात.

कंपनीचं म्हणाल तर रकस, अरुबा, सिस्को, कँबियम यांच्यापैकी कोणतीही चालेल, आणि बजेट ताणलं असेल तर यूबिक्विटी किंवा टीपी-लिंकची ओमाडा मालिकाही नीट मांडली तर हे काम करते. विचारायचं ते असं: कंट्रोलरचं (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) वार्षिक लायसन आहे का, ते संपलं तर एपी चालू राहतात का, आणि पाच वर्षांचा एकूण खर्च किती? विश्वस्त मंडळात पहिल्या वर्षीचा आकडा मंजूर होतो आणि तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाला पैसे नसतात, असं बऱ्याच संस्थांत होतं.

ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: पहिल्या तीन भरगच्च कार्यक्रमांना पुरवठादाराचा माणूस हजर राहील, सभागृह भरलेलं असताना प्रत्येक एपीवर चॅनेल किती भरलंय ते नोंदवेल, आणि तो आकडा ५० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ताकद, चॅनेल आणि जागा बदलत राहील. शेवटचे २० टक्के पैसे त्यानंतरच. चार हाय पॉवरवाला ही ओळ मान्य करतो का ते बघा.

छताची उंची, छत पत्र्याचं की स्लॅबचं, बाल्कनी आहे का, आणि स्विचची खोली मंचापासून किती मीटरवर आहे, एवढं कळवलंत तर कोणता एपी कुठे आणि कोणत्या चॅनेलवर, याचा कच्चा आराखडा मी इथेच लिहून देईन.