सूर्यनमस्कार सलग घालताना हालचाल तुटक होते. शरीराची ठेवण आणि लय कशी सुधारावी?

आपण लिहिले आहे की आसने एकेकटी नीट जमतात, परंतु सलग घालू लागल्यावर हालचाल तुटते आणि दहा-बारा नमस्कारांनंतर मनगटे व कंबर दुखू लागते. मीही अनेक वर्षे रोजची संख्या पुरी करण्यातच समाधान मानत होतो. एकदा मोबाइल बाजूला ठेवून स्वतःचे चित्रण केले, तेव्हा दिसले की एकेका नमस्कारात माझे तळहात दोन-तीनदा जागा बदलत होते आणि लय नेमकी तिथेच मोडत होती.

नमस्काराच्या बारा स्थितींपैकी तिसऱ्या, म्हणजे पुढे वाकण्याच्या पादहस्तासनात तळहात एकदा टेकले की दहाव्या स्थितीपर्यंत, म्हणजे पुन्हा पादहस्तासन येईपर्यंत, ते हलवू नयेत. त्यासाठी गुडघे वाकवावे लागले तरी चालेल, मात्र वाकणे कमरेतून नव्हे, तर जांघेतून व्हावे. दंडस्थितीत (तळहात व चवड्यांवर शरीर सरळ रेषेत ठेवताना) खांदे मनगटांच्या बरोबर वर येतील इतके पाय मागे न्यावेत. हेच अंतर पर्वतासनात (नितंब उंच उचलून हातपाय जमिनीवर ठेवताना) कायम ठेवले, तर मध्ये पावले सरकवावी लागत नाहीत. मांडीचे मागचे स्नायू आखडलेले असताना टाचा टेकवण्याच्या हट्टापायी पाठीला पोक येतो. त्यापेक्षा गुडघे किंचित वाकवून पाठ लांब ठेवणे कधीही चांगले.

मनगटे दुखण्याचे कारण बहुधा असे असते की सगळा भार तळहाताच्या मनगटाकडील भागावर पडतो. बोटे पसरून अंगठा आणि तर्जनी यांची मुळे जमिनीवर दाबली की तो भार विभागला जातो. कंबरेचे दुखणे मात्र बहुतेक वेळा भुजंगासनात (पालथे असताना छाती वर उचलण्याच्या स्थितीत) सुरू होते: त्याआधीच्या, छाती जमिनीला टेकवण्याच्या साष्टांग स्थितीत कोपरे बाहेर फाकतात, छाती तळहातांच्या मध्ये येण्याऐवजी मागेच राहते, आणि मग हातांच्या जोरावर धड वर ढकलले जाते, त्यामुळे सारा बाक कमरेतच येतो. कोपरे बरगड्यांजवळ व थोडे वाकलेले ठेवून, खांदे कानांपासून दूर नेत, छाती पुढे सरकवून मगच उचलावी. ती कमी उचलली गेली तरी बिघडत नाही. उभे राहून हात वर नेण्याच्या हस्तउत्तानासनातही आधी वर ताणावे, मग मागे झुकावे.

खरी अडचण नवव्या स्थितीत, म्हणजे पर्वतासनातून एक पाऊल पुढे आणताना आहे. मागचे पाऊल तळहातांच्या मध्ये पोहोचत नाही, मग हात उचलला जातो किंवा पाऊल दोन टप्प्यांत घासत येते. माझा अनुभव असा की पर्वतासनातला रेचक (श्वास सोडणे) पुरा होऊन पोट आत असतानाच, दुसऱ्या बाजूच्या तळहातावर भार देऊन आणि नितंब उंच ठेवून गुडघा छातीकडे ओढला, तर पाऊल पुष्कळ पुढे येते. पूरक (श्वास घेणे) छाती उचलताना करावा. तरीही पाऊल कमी पडले, तर तळहातांखाली ठोकळे ठेवावेत. मला यात लाज वाटत असे, ती निष्कारण होती.

लयीसाठी वेगळे काही करावे लागत नाही. श्वास आधी सुरू व्हावा आणि हालचाल त्याच्याबरोबर संपावी, एवढे पाहावे. साष्टांग स्थितीत श्वास क्षणभर बाहेरच रोखण्याची पद्धत आहे, परंतु धाप लागत असेल किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर तो रोखू नये. मणक्याची चकती सरकलेली असल्यास डॉक्टरांना विचारूनच सराव करावा.

काही आठवडे एकदम चोवीस घालण्याऐवजी सहाच, अगदी सावकाश घालावेत आणि आठवड्यातून एकदा बाजूने चित्रण करून फक्त तळहात हलतात का, ते पाहावे.