बारावीनंतर गाण्यासाठी नाशिक सोडू का?

प्रश्न : ताई, मी इंदिरानगरला राहते, बारावी कॉमर्सला आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांतली मध्यमा पूर्ण झालीये, आता पुढच्या विशारदची तयारी चालूये. मला स्टेजवर गायचंय. पप्पा म्हणतात आधी बीकॉम कर, क्लासच्या मॅडम म्हणतात पुण्याला जाऊन संगीतात बीए कर. कॉलेज कसं निवडायचं?

उत्तर : अगं, कॉलेजचं नाव नंतर बघू, आधी सांग, बडा ख्याल (संथ लयीतली मोठी बंदिश) गाताना तुझ्यासोबत खरा तबलजी आठवड्यातून कितीदा बसतो? बहुतेक तबल्याचं अ‍ॅपच असणार. अ‍ॅपवरचा विलंबित एकताल, म्हणजे संथ बारा मात्रांचा ताल, तू चुकलीस तरी आपला चालतच राहतो, आणि मग स्टेजवर पहिल्यांदा शेजारी जिवंत माणूस आला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते. माझी हुकली होती, भर गणपतीत, वर्गणीदारांसमोर.

मी शिकले त्या कॉलेजात (नाव नको) प्रॅक्टिकलला आम्ही 20 जणी, पेटी एक आणि तबल्याचे सर आठवड्यातून एकदा. थाट, ग्राम, मूर्च्छना अशी थिअरी सगळी पाठ, फर्स्ट क्लास पण आला, पण पहिल्यांदा सलग 40 मिनिटं यमन राग गायची वेळ आली तेव्हा पंधराव्या मिनिटालाच माझ्याकडचं संपलं.

म्हणून गाणारे आणि वाजवणारे एकाच आवारात असतील असं ठिकाण बघ, म्हणजे दुपारी मोकळा वेळ मिळाला की तबल्याचा एखादा मुलगा पकडून बसता येतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथं संगीत, नृत्य, नाटक तिन्ही आहेत आणि नाशिकहून साधारण पाच तासांचा रस्ता, म्हणजे रविवारी आईच्या हातचं जेवायला येता येतं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गवई मौलाबक्षांना घेऊन काढलेली संगीतशाळा आज तिथल्या विद्यापीठाची फॅकल्टी आहे. छत्तीसगडमधलं खैरागढचं संगीत विद्यापीठ तर 1956 पासून राजघराण्याने दिलेल्या वाड्यात भरतं, लांब आहे, पण गाव छोटं, रियाज सोडून करणार काय! कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत डिग्री मिळत नाही, गुरूंच्या आवारातच राहून शिकायचं, पण तिथं घेतात ते चांगल्या तयारीच्या मुलांनाच, ते पुढचं बघू.

फॉर्म भरायच्या आधी एक दिवस तिथं जाऊन ये. थर्ड इयरच्या मुलींना चहा पाज आणि विचार, गुरू स्वतः किती तास समोर बसतात, वर्षात मैफलीत किती वेळा गायला मिळालं, आणि हॉस्टेलवर पहाटे रियाज करू देतात का. हे शेवटचं कोणी विचारत नाही! मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून खर्ज (खालचे सूर) लावायचे, कारण खोलीत सा लावला की रूममेट उशी फेकायची.

पप्पांचंही अगदी चूक नाही. बीकॉम इथंच करायचं आणि रोज तीन-चार तास गुरूंकडे बसायचं, असंही होतं, एमए संगीतला बऱ्याच ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते, ऑडिशन मात्र काढावी लागते. पण बीकॉम आणि आठवड्यातून दोनदा क्लास, एवढ्यावर स्टेज नाही मिळायचं, हे पप्पांना स्पष्ट सांग. आणि सांगताना आपल्या नाशिकचे गायक द. वि. पलुस्कर यांचं उदाहरण दे, 1931 ला वडील विष्णु दिगंबर गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते, पुढे पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले. तेव्हा पुण्याला जायचं नवल नको.

प्रश्न : मी नाशिकरोडचा, तबला विशारद झालोय. विशारदलाच डिग्री धरतात ना? मग परत बीए कशाला?

उत्तर : भाऊ, सगळीकडे नाही धरत. काही ठिकाणी विशारदवर एमएला बसू देतात, काही ठिकाणी वेगळी पदवी मागतात, त्यामुळे जिथं जायचं तिथल्या ऑफिसातून लेखी घे, तोंडी 'हो हो चालतं'वर जाऊ नकोस. आणि एक काम कर ना, वरच्या मुलीला तबलजी हवाय. तिला विलंबितात रोज अर्धा तास ठेका दे, तुझाही हात बसेल. दोघांची हरकत नसेल तर मी पत्ते कळवते.