माळकरी आईचं इन्सुलिन

प्रश्न : आईच्या इन्सुलिनच्या कुपीवर ‘आर-डीएनए’ छापलंय. आई माळकरी, विचारते, यात डुकराचं काही आहे का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही हो. पूर्वी डुकराच्या स्वादुपिंडातून काढायचे. ‘आर-डीएनए’ म्हणजे रीकॉम्बिनंट, जोडून बनवलेला डीएनए; त्याच्या जोरावर हे मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट बनवतात. अमेरिकेत १९८२ मध्ये मान्यता मिळाली. जिवाणूतला डीएनएचा गोल, म्हणजे प्लाझ्मिड, विकराने (एन्झाइमने) कापतात. इको-आर-वन हे विकर डीएनएच्या अक्षरांची ‘जीएएटीटीसी’ ही ओळ दिसली की ‘जी’ नि ‘ए’च्या मधेच कापतं, तेही दोन्ही धागे मागेपुढे, म्हणून टोकं चिकट राहतात. (रुईया कॉलेजच्या पोरांना मी कागदी पट्ट्या कापून दाखवायचे.) तिथे इन्सुलिनचं जनुक बसवलं की लायगेज हे जोडणारं विकर सांधा पक्का करतं. कुपी मात्र फ्रीझरमध्ये नको. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.