बॉडी ६५ हजारांची, पॉलिसी ४० लाखांची

पत्र नाशिकहून आलंय. लिहिणारे ६१ वर्षांचे, मागच्या वर्षी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. चार पानांच्या पत्रातली साडेतीन पानं कॅमेऱ्यावरच आहेत. मुद्दा असा:

“दर रविवारी नांदूरमधमेश्वरला जातो. पक्ष्यांचे फोटो काढायची जुनी हौस आहे. ओळखीच्या डीलरकडे वापरलेला निकॉन डी४ आहे, ६५ हजार. नवा निकॉन पी९५० ६८ हजारांना पडतो. किंमत सारखीच, तर प्रोफेशनल कॅमेराच का घेऊ नये? पाच हजार इसार दिलाय. पैशांची अडचण नाही. निवृत्तीचे ४० लाख मिळाले. त्यातले ४ लाख बँकेतल्या मॅडमनी १८ टक्के हमीच्या योजनेत टाकून दिले. पुढच्या महिन्यात तिचं रिन्यूअल आहे, ७२ हजार मिळतील, त्यातून कॅमेरा घेईन. बाकी सगळं एफडीत, साडेचार लाख बचत खात्यात. फोटो विकून आणि लग्नाच्या एखाद-दोन ऑर्डरी घेऊन दोन वर्षांत पैसे वसूल होतील. पीएफची पेन्शन ३ हजार, घरखर्च ३० हजार. मेडिक्लेम कंपनीचा होता, तो आता नाही.”

सोबत रिन्यूअलच्या एसएमएसचा फोटो आणि त्या ‘योजने’च्या कागदाचं पहिलं पान. हे पान जोडलंत ते फार बरं केलंत.

कॅमेऱ्याचं नंतर बघू, तो कुठे पळून जात नाही. आधी तो एसएमएस पुन्हा वाचा. ‘रिन्यूअल प्रीमियम ४,००,००० ड्यू’ असं त्यात आहे. हे पैसे तुम्हाला मिळायचे नाहीत, तुम्ही भरायचे आहेत. शेवटच्या ओळीत लिहिलंय की रक्कम नोंदवलेल्या खात्यातून आपोआप वळती होईल. ते खातं म्हणजे तुमचं साडेचार लाखांचं बचत खातं. पुढच्या महिन्यात तिथे ५० हजार उरतील आणि ७२ हजारांची वाट बघत तुम्ही पासबुक भरून आणाल.

तुमच्याकडे आहे ती विम्याची पॉलिसी. योजना हा शब्द मॅडमचा. पहिल्या पानावर सगळं स्वच्छ छापलंय: वार्षिक हप्ता ४ लाख, हप्ते १०, बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून दहा वर्षं दरसाल ७ लाख २० हजार. विमा कोणाच्या आयुष्याचा, तर तुमच्या मुलाचा. साठीच्या माणसाचा विमा महाग पडतो आणि तक्त्यातले आकडे बिघडतात, म्हणून हल्ली सर्रास मुलाचं नाव घालतात. म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर तुमच्या पत्नीला यातून विम्याचा एक रुपया मिळायचा नाही, हप्ते मात्र मागे राहतील.

आता ते १८ टक्के. ७ लाख २० हजार भागिले ४० लाख, आले १८ टक्के. भागाकार बरोबर आहे. पण याला व्याज म्हणत नाहीत. परत येणाऱ्या ७२ लाखांतले ४० लाख तुमचेच आहेत आणि तेही बारा वर्षं अडकून पडलेले. सरळ बघा: आज भरलेले ४ लाख बारा वर्षांनी ७ लाख २० हजार होतात. ६ टक्क्यांनी बारा वर्षांत पैसे दुप्पट होतात. हे दुप्पटही होत नाहीत. दर पडतो ५ टक्के. हेच ४ लाख साडेसहा टक्क्यांच्या साध्या एफडीत पडून राहिले असते तर बारा वर्षांनी साडेआठ लाख झाले असते. एका हप्त्यामागे सव्वा लाखाचा फटका, आणि असे नऊ हप्ते अजून बाकी आहेत.

आणि ते नऊ हप्ते येणार कुठून? तुमच्याकडे उरलेत ३६ लाख. सही करून कबूल केलेले हप्तेही बरोबर ३६ लाखांचेच. मग खायचं काय? वर्षाचा खर्च पेन्शन वजा जाता सव्वातीन लाख, त्यात हप्ता ४ लाख, म्हणजे सव्वासात लाख दरसाल बाहेर. एफडीचं व्याज धरूनही सहाव्या वर्षी तुमचा खडखडाट होतो. तेव्हा तुम्ही ६६ वर्षांचे असाल. हप्ते ६९ पर्यंत भरायचे आहेत आणि पहिला पैसा हातात येणार ७२ व्या वर्षी. ज्या बाईंनी हे निवृत्त माणसाच्या गळ्यात मारलं, त्यांच्या संगणकावर तुमचा बॅलन्स दिसत होता. त्यांना हे गणित जमत नव्हतं असं मी मानत नाही.

“पण हे करमुक्त आहे” असं त्या म्हणाल्या असतील, कारण सगळेच म्हणतात. तुमचं व्याज आणि पेन्शन मिळून वर्षाला तीन लाखही होत नाहीत. तुम्हाला कर मुळात लागतच नाही. मग त्या करमुक्तीचं काय लोणचं घालायचं?

तेव्हा उद्या सकाळी पहिलं काम: बँकेत जाऊन ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे वळते करायची तुम्ही दिलेली परवानगी, लेखी रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. मॅडमना फोन करू नका. त्या गोड बोलून “एवढा एक हप्ता भरा सर, मग बघू” म्हणतील. काउंटरवर अर्ज द्या. आठवड्याने मँडेट खरंच रद्द झाला का ते तपासा, आणि तोवर बचत खात्यातले ४ लाख एखाद्या छोट्या एफडीत हलवून ठेवा. ज्या खात्यात पैसेच नाहीत, तिथून वळते काय होणार?

दुसरं काम, पॉलिसी परत करणं. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती बिनशर्त परत करता येते, किरकोळ वजावट सोडून पैसे मिळतात. तुमचा लिफाफा आला आणि न उघडता कपाटात गेला, तेव्हा ती वाट बंद झाली. पण ऑक्टोबर २०२४ पासून विमा नियामकाने नियम बदलले आहेत. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. अशा पॉलिसीत एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि वर्ष संपलं असेल, तर सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर, कंपनीला काही रक्कम द्यावीच लागते. आधी पहिला हप्ता सरळ बुडायचा. विमा कंपनीकडे सरेंडर मूल्याचा आकडा लेखी मागा. माझ्या ढोबळ हिशेबाने तो २ ते अडीच लाखांच्या घरात असावा. म्हणजे दीड-दोन लाख गेले. जाऊ देत. ते वाचवायला आणखी ३६ लाख घालण्यात काही अर्थ नाही.

सरेंडरच्या अर्जावर सही करण्याआधी मात्र एक तक्रार ठोका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा: एकदाच ठेवायची रक्कम म्हणून विकली, १८ टक्के व्याज सांगितलं, दहा हप्त्यांचा उल्लेखही केला नाही. पहिला हप्ता पूर्ण परत हवा. पॉलिसी देण्याआधी खातरजमेचा फोन आला असेल, त्याचं ध्वनिमुद्रण मागा. त्या फोनच्या वेळी बहुतेक मॅडम शेजारीच बसून “फक्त हो म्हणा” सांगत असतील. ते तुमच्या विरुद्ध जाईल, तरी मागा. बँकेच्या व्यवस्थापकाला प्रत द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारघंटा वाजली, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. मॅडमनी व्हॉट्सअॅपवर काही पाठवलं असेल, ‘१८%’ लिहिलेलं एखादं चित्र असेल, तर ते पुसू नका. सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

उरलेल्या पैशांचं सोपं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हे लिहीत असताना ८.२ टक्के मिळतात, दर तिमाहीला व्याज, माणशी कमाल ३० लाख. पोस्टात उघडते, बहुतेक मोठ्या बँकांतही उघडते. ती विकून कोणाचं टार्गेट पूर्ण होत नाही, म्हणून तुम्हाला कोणी सांगितली नाही. एफडी मोडून ३० लाख तिथे टाकले की तिमाहीला साडेएकसष्ट हजार, म्हणजे महिना साडेवीस. कर लागत नसल्याचा स्वघोषणा फॉर्म दरवर्षी भरा, नाहीतर टीडीएस कापला जाईल. पेन्शन धरून साडेतेवीस हजार. खर्च तीस. त्यात मेडिक्लेम घाला, आणि तो घालायचाच आहे. दोघांचा मिळून वर्षाला ४०-५० हजार हप्ता धरा. पत्नीला रक्तदाब किंवा साखर असेल तर अर्जात लिहा, लपवू नका. आधीच्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा प्रतीक्षाकाळ जेवढा आत्ता सुरू होईल तेवढा लवकर संपेल. महिना दहा-साडेदहा हजारांचा खड्डा राहतो. बाहेर उरलेले ६ लाख आणि सरेंडरचे दोन यांतून तो पाच-सहा वर्षं भरेल, पुढे मुद्दलाला हळूहळू हात लागेल. तंगी नाही, पण “पैशांची अडचण नाही” असंही नाही.

आता कॅमेरा. इथेही तुम्ही तेच केलंत, पहिला आकडा वाचलात आणि थांबलात. ६५ हजार ही डी४ च्या नुसत्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची किंमत आहे. तिने फोटो निघत नाही. पक्ष्यांसाठी किमान २००-५०० मिमीची लेन्स लागेल (मिमी जितके जास्त, तितकं लांबचं जवळ दिसतं), वापरलेली ६५-७० हजार. डी४ मध्ये कार्डाचे दोन खाचे, एक सीएफ आणि एक एक्सक्यूडी. एक्सक्यूडी कार्ड महाग, सहज मिळत नाही, त्याचा रीडर वेगळा. बॅटरी २०१२ च्या सुमाराची असेल तर नवी लागेल. दीड लाख झाले. डीलर म्हणतो २ लाख ४० हजार क्लिक झालेत. शटर ४ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, हे खरं, पण २०१४ मध्येच डी४एस आल्यावर बंद झालेल्या मॉडेलचे सुटे भाग दिवसेंदिवस कमी होणार. बॉडी आणि लेन्स मिळून साडेतीन किलोच्या पुढे. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर हे घेऊन चढायला गुडघे तुमचे, म्हणून जास्त बोलत नाही.

कॅमेरा म्हणून डी४ वाईट नाही, उलट अफलातून आहे. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिमी. पी९५० चा जेमतेम ६ बाय साडेचार. क्षेत्रफळात तीसपट फरक. पहाटे धुक्यात, उडणाऱ्या चक्रवाकांच्या थव्यावर डी४ सेकंदाला दहा फ्रेम टिपत जाईल आणि तेव्हा पी९५० अजून फोकस शोधत असेल. कमी उजेडात त्याचे फोटो दाणेदार येतात, हे गृहीतच धरा.

पण तुम्ही पत्रात काय लिहिलंय? “पाण्याच्या पलीकडच्या काठावरचा चमच्या पक्षी ओळखू येईल असा यावा.” तिथे गणित उलटतं. पी९५० ची पोच जुन्या फिल्मच्या हिशेबात २००० मिमीपर्यंत, डी४ ला तुमची लेन्स ५०० पर्यंत. चौपट अंतर म्हणजे तेवढाच पक्षी हवा असेल तर डी४ च्या चित्राचा सोळावा भाग कापून घ्यायचा. १६ मेगापिक्सेलचा उरतो एक. मोबाइलवर चालेल, भिंतीवर नाही. अकरानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागली की २००० मिमीचाही उपयोग नाही, तेव्हा मात्र दोन्ही कॅमेरे सारखेच. सकाळी साडेनऊपर्यंत काय ते उरका.

फोटो विकून वसुलीचं स्वप्न सोडा. फोटो-विक्रीच्या साइटवर चमच्या-चक्रवाकांचे ढिगारे पडलेत, डाउनलोडमागे हाती किरकोळ पैसे येतात. आणि लग्नाला ५०० मिमीची लेन्स घेऊन गेलात तर नवरीच्या फक्त नथीचा फोटो येईल. हौस हौस म्हणून करा. तिला खर्चाच्या रकान्यात एक ओळ द्या, उत्पन्नाच्या रकान्यात नको.

घ्यायचा तर पी९५०, पण नवा नको. हे कॅमेरे लोक हौसेने घेतात आणि वर्षभरात कपाटात टाकतात, त्यामुळे वापरलेले चांगल्या अवस्थेत मिळतात. ४५ ते ५० हजारांच्या वर जाऊ नका. रॉ फाइलशी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) तुम्हाला घेणंदेणं नसेल तर आधीचा पी९०० त्याहून स्वस्तात मिळेल, झूम तेवढाच आहे. घेताना झूम पूर्ण बाहेर काढून आत घ्या, खरखर ऐकू आली तर परत द्या. पूर्ण झूमवर लांबच्या एखाद्या पाटीचा फोटो काढून बघा, चारही कोपरे नीट येतात का.

पण मँडेट रद्द झाल्याची खात्री होईपर्यंत आणि मेडिक्लेमचा हप्ता भरेपर्यंत यातलं काहीही घेऊ नका. डीलरकडून इसार परत मागा. ओळखीचा आहे, बहुतेक देईल. नाहीच दिला तर ५ हजारांसाठी ६० हजार आणखी भरायला जाऊ नका.