साइन नियमाने कोन काढताना कधी दोन त्रिकोण मिळतात, कधी एक, कधी एकही नाही. पाठ न करता हे कसं समजून घ्यावं?

तुम्ही दिलेलं गणित असं आहे: त्रिकोणाचा एक कोन ३०°, त्याच्या समोरची बाजू ७, शेजारची एक बाजू १०. कॅल्क्युलेटरने तुम्हाला दुसरा कोन ४५.५८° दिला, उत्तरसूचीत मात्र दोन त्रिकोण आहेत. आणि कुठल्या अटीला किती त्रिकोण, हा वहीतला तक्ता काही केल्या लक्षात राहत नाही.

तो तक्ता बाजूला ठेवा. म्हापशात अकरावी-बारावीच्या मुलांना मी हा भाग शिकवते, आणि माझा अनुभव असा की तक्ता आधी दिला की मुलं पुढे आकृतीच काढत नाहीत. इथे सगळं काही आकृतीतच आहे.

ऑगस्टच्या सुरुवातीला मासेमारीबंदी उठलेली आहे आणि एक ट्रॉलर हणजुणेच्या बाजूने सरळ दक्षिणेला निघालाय असं धरा. आग्वादचा दीपस्तंभ त्याच्यापासून १० किमीवर आहे, आणि दीपस्तंभाची दिशा ट्रॉलरच्या वाटेशी डावीकडे ३०° चा कोन करते. पावसाची झड आहे, म्हणून दिवा फक्त ७ किमीपर्यंतच दिसतो असं समजू (एरवी तो याच्या कितीतरी लांबून दिसतो). आता सांगा, दिवा तांडेलापासून (ट्रॉलर चालवणाऱ्या नाखव्यापासून) बरोबर ७ किमीवर कधी असेल?

दोनदा. एकदा उजेडाच्या टप्प्यात शिरताना आणि एकदा बाहेर पडताना. हे तुमचंच गणित आहे: ३०°, १० आणि ७. दोन उत्तरं येणं ही सूत्राची खोड नाही. ट्रॉलर त्या दोन्ही ठिकाणांवरून खरोखर जातो.

आकडेही काढू. दीपस्तंभापासून ट्रॉलरच्या वाटेवर लंब टाका. त्याची लांबी १० × साइन ३०° = ५ किमी. लंबाचा पाय सुरुवातीच्या जागेपासून १० × कोसाइन ३०° = ८.६६ किमीवर पडतो. दिवा ७ किमीवर असण्याच्या दोन्ही जागा त्या पायापासून सारख्याच अंतरावर आहेत, √(४९ − २५) म्हणजे ४.९० किमी, एक अलीकडे आणि एक पलीकडे. म्हणून तिसरी बाजू एकदा ३.७६ आणि एकदा १३.५६.

आता फक्त दिव्याचा टप्पा बदलत जा. तो ४ किमी असेल तर ट्रॉलर ५ किमीपेक्षा जवळ येतच नाही, दिवा दिसणारच नाही, त्रिकोण नाही. टप्पा बरोबर ५ असेल तर लंबाच्या पायाशी क्षणभर दिसेल: एकच त्रिकोण, तोही काटकोन. ५ आणि १० यांच्या मधला कुठलाही टप्पा घ्या, दोन त्रिकोण. आणि १२ घेतला तर? ट्रॉलर सुरुवातीलाच उजेडात आहे, त्यामुळे शिरणं नाही, फक्त बाहेर पडणं, १९.५७ किमीवर. टप्पा बरोबर १० असला तरी तेच, कारण शिरण्याची जागा आणि ट्रॉलरची सुरुवातीची जागा एकच होते आणि त्रिकोण उरतो एक. दिलेला कोन विशाल असेल तर ट्रॉलर पहिल्यापासून दीपस्तंभापासून दूरच चाललाय: टप्पा सुरुवातीच्या अंतरापेक्षा मोठा असेल तर एकदा बाहेर पडेल, नाहीतर काहीच नाही. काटकोनालाही हेच लागू. तुमचा अख्खा तक्ता इथे संपला.

मग कॅल्क्युलेटरने एकच कोन का दिला? दोन जागांना आपण प आणि फ म्हणू, दीपस्तंभाला द. दप आणि दफ दोन्ही ७, म्हणजे दपफ हा समद्विभुज त्रिकोण. त्याचे पायाचे दोन्ही कोन सारखे, ४५.५८°. पण ट्रॉलरच्या सुरुवातीच्या जागेपासून पाहिलं तर दूरच्या फ पाशी आपल्या त्रिकोणाचा कोन ४५.५८° आहे, आणि जवळच्या प पाशी त्याचा रेषीय जोडीतला कोन, १३४.४२°. रेषीय जोडीतल्या दोन कोनांची साइन सारखीच असते. साइन नियम तुम्हाला एवढंच सांगतो की त्या कोनाची साइन ५/७ आहे, आणि व्यस्त साइनचं बटण ९०° च्या पुढे कधी जातच नाही. दुसरा कोन १८०° मधून वजा करून तुम्हीच काढायचा, आणि तो दिलेल्या कोनाबरोबर १८०° च्या आत बसतो का ते बघायचं. तुमच्या गणितात १३४.४२ + ३० बसतं. टप्पा १२ असताना कोन येतो २४.६२°, त्याचा जोडीदार १५५.३८°, त्यात ३० मिळवले की १८५.३८, म्हणून तो बाद.

गोव्यात अनेकांचं प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पाचवीपासून पुढचं इंग्रजीतून होतं, त्यामुळे तुम्हाला एसएएस ओळखीचं असेल, मराठी पुस्तकांतलं बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कदाचित नसेल. एकरूपतेच्या कसोट्या म्हणजे बाकोबा, कोबाको, बाबाबा, कोकोबा आणि कर्णभुजा. या यादीत बाबाको नाही. का नाही, हे शाळेत फारसं कोणी सांगत नाही, आणि मला ते फार खटकतं, कारण त्याचं कारण म्हणजे हाच ट्रॉलर: दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन एवढ्यावर दोन वेगवेगळे त्रिकोण उभे राहतात. कर्णभुजा ही बाबाकोचीच एक जात आहे, पण तिथे दिलेला कोन काटकोन आणि समोरची बाजू कर्ण, म्हणून एकच त्रिकोण निघतो.

साइनवर भरवसा बसत नसेल तर कोसाइन नियम लावा. तिसरी बाजू क्ष धरली की क्ष² − १७.३२क्ष + ५१ = ० असं वर्गसमीकरण मिळतं, आणि त्याची मुळं ३.७६ आणि १३.५६. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण इथे कुठलंही उत्तर लपून राहत नाही. शेवटचं पद पाहा: १०० − ४९. समोरची बाजू १० पेक्षा मोठी झाली की ते ऋण होतं, म्हणजे एक मूळ धन आणि एक ऋण, आणि ऋण लांबीची बाजू नसते.

एक सावधगिरी मात्र ठेवा. साइन नियमाने बाजू काढताना हा घोळ कधीच होत नाही, तो फक्त कोन काढताना होतो. १८०२ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एक बाजू आणि कोन मोजून पुढच्या बाजू काढत जात, त्यामुळे त्यांना ही अडचण नव्हती. तुम्हाला मात्र ती तिन्ही बाजू दिलेल्या गणितातही गाठू शकते. बाजू ३, ५, ७ घ्या. ७ च्या समोरचा कोन १२०° आहे, पण बाकीचे कोन काढून झाल्यावर तो साइनने काढायला गेलात तर कॅल्क्युलेटर ६०° दाखवेल. म्हणून सर्वांत मोठ्या बाजूसमोरचा कोन आधी कोसाइन नियमाने काढा. उरलेले दोन्ही लघुकोनच असतात, ते साइनने खुशाल काढा.