स्काडाचं लायसन्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जलशुद्धीकरण केंद्रातला स्काडा (संगणकाच्या पडद्यावरून यंत्रांवर देखरेख आणि नियंत्रण ठेवणारी प्रणाली) सीमेन्सच्या विनसीसी व्ही ७ या सॉफ्टवेअरवर चालतो. हार्ड डिस्क कुरकुरायला लागली म्हणून तिची इमेज (हुबेहूब प्रत) नव्या एसएसडीवर टाकली. प्रोजेक्ट उघडतो, पण तासाभराने बंद होतो. कंत्राटदार म्हणतो, नवीन लायसन्स घ्या. घ्यावंच लागेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लगेच पैसे भरू नका. वैध लायसन्स सापडलं नाही की विनसीसी डेमो मोडमध्ये जातं आणि तासाभराने बंद पडतं. सीमेन्सची लायसन्स की (लायसन्सची डिजिटल किल्ली) डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असते. ती एका जागेवरून दुसरीकडे हलवता येते, पण तिची प्रत काढता येत नाही. इमेज म्हणजे प्रतच, त्यामुळे तिच्यातून आलेली की चालत नाही.

जुनी डिस्क अजून सुरू होत असेल तर ती परत मूळ पीसीत लावा. ऑटोमेशन लायसन्स मॅनेजर हे सीमेन्सचं सॉफ्टवेअर उघडा, डावीकडे ती डिस्क निवडा, दिसणारी प्रत्येक की निवडून 'ट्रान्सफर' करा आणि पेन ड्राइव्हवर घ्या. मग एसएसडीवर विंडोज सुरू करून त्याच पद्धतीने पेन ड्राइव्हवरून आत घ्या. डिस्क पूर्ण मेली असेल तर 'सर्टिफिकेट ऑफ लायसन्स' हा कागद शोधा. त्यावरचा लायसन्स क्रमांक आणि खरेदीचं बिल घेऊन सीमेन्सच्या तांत्रिक मदत विभागाकडे बदली की मागा. हा कागद बहुतेक वेळा पॅनेल बनवणाऱ्याच्या कपाटात पडून असतो. काम ताब्यात घेतानाच तो मागून घ्यायला हवा, कारण लायसन्स तुमच्या केंद्राचं आहे.

तोपर्यंत पंप थांबणार नाहीत, लॉजिक पीएलसीत (यंत्रं प्रत्यक्ष चालवणाऱ्या नियंत्रकात) चालतं. मात्र स्क्रीन बंद असताना अलार्मची नोंद आणि ट्रेंड (मूल्यांचे आलेख) तुटतात, सेटपॉइंट (ठरवून दिलेलं मूल्य) बदलता येत नाही. क्लोरीनच्या डोसचं गणित कोणी विनसीसीच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं असेल, तर तेही थांबतं. असं गणित पीएलसीतच हवं. पुढच्या वेळी इमेज घेण्याआधी की पेन ड्राइव्हवर काढा आणि इमेज झाल्यावर परत ठेवा.

प्रश्न : आमचं विनसीसीचं लायसन्स ५१२ टॅगचं (स्काडात नोंदवलेलं एकेक मूल्य म्हणजे टॅग) आहे. नवे पंप जोडल्यावर मर्यादा ओलांडतेय. मोठं लायसन्स न घेता भागेल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : बऱ्याचदा भागतं. मोजले जातात ते पीएलसीच्या कनेक्शनवरून येणारे टॅग, म्हणजे पॉवरटॅग. अंतर्गत टॅग, म्हणजे स्काडाने स्वतःपुरते ठेवलेले, त्यात धरले जात नाहीत. टॅग एका बिटचा असो की रिअल (दशांश संख्या), मोजणी एकच. ४० पंपांचे रन, ट्रिप, ऑटो, लोकल, फॉल्ट असे पाच-पाच बिट वेगळे घेतले तर २०० टॅग झाले. पीएलसीच्या डेटा ब्लॉकमध्ये (मूल्यं साठवायच्या जागेत) प्रत्येक पंपाचे बिट १६ बिटांच्या एका वर्डमध्ये बांधा, ४० टॅगमध्ये काम होतं. अलार्मलाही मेसेज टॅग म्हणून तोच वर्ड आणि त्यातला बिट क्रमांक देता येतो.

इथे एक धोका आहे. स्टार्ट-स्टॉपचे कमांड या वर्डमध्ये घालू नका. स्काडा आधी पूर्ण वर्ड वाचतो, एक बिट बदलतो आणि पूर्ण वर्ड परत लिहितो. मधल्या क्षणात पीएलसीने दुसरा बिट बदलला असेल तर तो पुसला जातो. कमांडचे टॅग वेगळेच ठेवा.

काढून टाकलेल्या यंत्रांचे पडीक टॅगही मोजले जातात, ते आधी डिलीट करा. आर्काइव्हचे (नोंदी साठवण्याचे) टॅग वेगळे मोजतात, मूळ पॅकेजमध्ये त्यांचे ५१२ मिळतात. एवढं करूनही पुरलं नाही तर ५१२ वरून २०४८ वर नेणारा पॉवरपॅक घ्या.

प्रश्न : रॉकवेलच्या फॅक्टरीटॉक या औद्योगिक सॉफ्टवेअरचं ॲक्टिव्हेशन (लायसन्स) नेटवर्क कार्ड बदलल्यावर गेलं. का? (एक वाचक, चाकण)

उत्तर : ते जुन्या कार्डच्या मॅक पत्त्याला (कार्डच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं होतं. सात दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात फॅक्टरीटॉक ॲक्टिव्हेशन मॅनेजरमधून रीहोस्ट करा, म्हणजे नव्या कार्डला बांधून घ्या. यूएसबी-लॅन ॲडॉप्टरच्या मॅकला ॲक्टिव्हेशन कधीच बांधू नका. पीसी वारंवार बदलत असेल तर डोंगलला (पीसीला लावायच्या छोट्या किल्लीसारख्या उपकरणाला) बांधलेलं घ्या, ते काढून राखीव पीसीला लावता येतं.