कुराणात रजम (व्यभिचाऱ्याला दगडांनी ठेचून मारणं) नाही, मग शरियतमध्ये ती शिक्षा आली कुठून? आणि अशी हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) न मानणारा मुसलमान राहतो का?

तुमचा प्रश्न रास्त आहे. मी मुसलमान आहे, कुराण समजून वाचायचा प्रयत्न करते, आणि माझं ठाम मत आहे की व्यभिचाऱ्याला दगडांनी ठेचून मारण्याला कुराणात आधार नाही.

कुराणातल्या सूरह नूर या अध्यायाची दुसरी आयत, म्हणजे वचन, काढून बघा. व्यभिचार करणारी स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकी 100 फटके. विवाहित-अविवाहित असा भेदच नाही. मग सूरह निसाची 25वी आयत वाचा: लग्न झालेल्या दासीकडून हे घडलं तर स्वतंत्र स्त्रीच्या निम्मी शिक्षा. शंभराचे निम्मे पन्नास. पण मृत्युदंडाचं निम्मं काय करणार? उलेमा, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात, इथे अविवाहित स्वतंत्र स्त्री धरायची. पण विवाहित दासीची तुलना अविवाहितेशी का करायची, हे आयत सांगत नाही. रजम आधीच गृहीत धरलं तरच तो अर्थ घ्यावा लागतो.

रजमच्या हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच बुखारीत आणखी एक हदीस आहे. अब्दुल्लाह बिन अबी औफा या सहाबींना, म्हणजे पैगंबरांच्या साथीदाराला, कोणी विचारलं, पैगंबरांनी रजम केलं होतं का? ते म्हणाले, हो. सूरह नूर उतरण्याआधी की नंतर? ते म्हणाले, मला माहीत नाही. सगळा वाद इथेच अडतो. आधी केलं असेल, तर नंतरच्या आयतीने ते रद्द झालं असं म्हणता येतं. अबू हुरैरा हे सहाबी उशिरा मुसलमान झाले आणि तेही असा प्रसंग सांगतात, म्हणून रजम सूरह नूरनंतरचंच, असा उलेमांचा युक्तिवाद आहे. त्यात वजन आहे, पण शेवटी ते अनुमान. अनुमानावर माणसाचा जीव घ्यायचा?

म्हणून सगळ्या हदीस फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. नमाजच्या रकाती (उभं राहणं, झुकणं, सजदा यांची आवर्तनं) कुराणात मोजून दिलेल्या नाहीत, त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आचरणातून आल्या. पण पैगंबरांचं निधन 632 सालचं, इमाम बुखारींचं 870चं. मधल्या काळात तोंडातोंडी आलेली गोष्ट आयतीशी जुळत नसेल, तर शब्द आयतीचाच चालला पाहिजे.

आणि असं म्हणणारा इस्लामबाहेर जात नाही. पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांनी 1979 मध्ये हुदूदचे, म्हणजे शरियतमधल्या ठरावीक शिक्षांचे, कायदे आणले. 1981 मध्ये हजूर बख्श खटल्यात तिथल्या फेडरल शरियत कोर्टानेच रजम इस्लामच्या आदेशांत बसत नाही असा निकाल दिला. मग झियांनी कोर्टाला फेरविचाराचा अधिकार दिला, उलेमांना न्यायाधीश म्हणून बसवलं, आणि 1982 मध्ये निकाल फिरला. पुढे खालच्या कोर्टांनी रजमच्या शिक्षा सुनावल्याही, पण वर अपिलात त्या टिकल्या नाहीत. सरकारने तिथे आजवर एकालाही या शिक्षेखाली मारलेलं नाही.